हेडमास्तरांचा जबडा

सन २०५१. सांगलीच्या अस्थिसंशोधन केंद्रात डॉ. इरावती खांबेटे घनतादर्शकाच्या पडद्याकडे एकटक बघत होत्या. पडद्यावर एक सांगाडा हळूहळू फिरत होता.

“मुजावर, या धडावर दुसऱ्या कुणाचं डोकं लावलंत का?”

त्यांचे सहकारी डॉ. रफीक मुजावर हसले. “नाही मॅडम. नखशिखान्त दिगंबर तगारेच. निवृत्त हेडमास्तर, वय चौऱ्याहत्तर. आपल्या ‘भारजागर’ औषधाचे पहिले रुग्ण.”

“खुब्याचं हाड सहा महिन्यांपूर्वी होतं तसंच, पापडासारखं. नुसते घसरले तरी मोडेल. आणि जबडा बघा, पैलवानाचा!”

मुजावरांचा चेहरा उतरला. सोमवारी मंजुरी समिती येणार होती. “म्हणजे औषध फसलं.”

“फसलं असतं तर जबडा कसा वाढला? हाड म्हणजे काही दगडी खांब नव्हे. जिथे भार पडतो तिथे शरीर भर घालतं, पडत नाही तिथली काढून घेतं. हाडातल्या पेशींना भाराची चाहूल लागते म्हणून हे घडतं. उतारवयात ती चाहूल मंदावते. आपलं औषध ती तीक्ष्ण करतं, एवढंच. भार रुग्णानेच घालायचा.”

“पण त्यांच्या पायातला पाऊलमापक पट्टा रोज नऊ हजार पावलं दाखवतोय!”

“पट्टा म्हणतो चालले, हाड म्हणतं नाही. माझा विश्वास हाडावर.”

तगारे सर बाहेरच बसले होते, सोबत पत्नी सुवर्णाताई. दोघांना आत बोलावलं. सरांनी तोंडातले फुटाणे घाईघाईने गिळले.

“सर, दिवसभरात काय काय खाता?” डॉ. खांबेट्यांनी विचारलं.

“फार नाही. फुटाणे, ऊस... बत्तिशी शाबूत आहे अजून,” सर अभिमानाने म्हणाले.

“आणि चालता किती?”

सर छताकडे बघू लागले. सुवर्णाताईंनी साडीची निरी जराशी उचलली. पाऊलमापक त्यांच्या घोट्याला होता.

“हे म्हणाले, तू नाहीतरी घरभर फिरतेसच, तूच बांध.”

चाळीस वर्षं कॉपी पकडणारे सर कानांपर्यंत लाल झाले. “माझ्यामुळे तुमचं संशोधन बुडालं का हो?”

“उलट तरलं!” डॉ. खांबेटे टेबलावर हात आपटून म्हणाल्या. “एकच माणूस, एकच औषध. भार पडला तिथे हाड वाढलं, नाही पडला तिथे नाही. समितीला याहून चोख पुरावा कुठला दाखवू? पण सर, आजपासून पट्टा तुमच्या पायात. खुबा मोडला तर हा जबडा तुम्हाला उचलून नेणार नाही.”

मुजावरांना एक शंका आली. त्यांनी सुवर्णाताईंनाही घनतादर्शकासमोर उभं केलं. त्यांनी औषधाचा थेंबही घेतलेला नव्हता. पडद्यावर त्यांचे खुबे उमटले आणि दोन्ही डॉक्टर पडद्याजवळ वाकले.

“काय झालं?” सुवर्णाताई घाबरल्या.

“काही नाही ताई,” मुजावर म्हणाले. “सत्तरीच्या बाईची हाडं इतकी भक्कम मी पाहिली नव्हती. कोणतं औषध घेता?”

“औषध? मला वेळ कुठे असतो? यांना पाणी द्या, चष्मा द्या, ऊस सोलून द्या.”

त्या संध्याकाळी घरी आल्यावर सर आरामखुर्चीत टेकले आणि सवयीने म्हणाले, “अगं, चहा टाक.”

सुवर्णाताईंनी वाकून घोट्याचा पट्टा सोडला, सरांच्या पायात घट्ट बांधला आणि समोरच्या खुर्चीत बसल्या.

“साखर कमी टाका. स्वयंपाकघरापर्यंत बावीस पावलं आहेत.”