काँक्रीटवरची कोरडी जागा

हे ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या मोठ्या भावाच्या बाबतीत घडलंय, आणि मी तिथंच उभा होतो. रंगवून सांगण्यासारखं यात काही नाही.

आमचं काम रस्त्यांचं. खड्डे पडलेलं जुनं डांबर वरवर खरवडायचं, धुऊन घ्यायचं आणि त्याच्यावरच काँक्रीटचा थर द्यायचा. दादा मिस्त्री. मी पाणी मारणारा. नवं काँक्रीट सुरुवातीला ओलं ठेवावं लागतं, नाहीतर तडकतं. म्हणून त्यावर गोणपाट अंथरून भिजवत राहायचं.

गेल्या हिवाळ्यात दवाखान्यापुढचा रस्ता आमच्याकडे आला.

त्याच रस्त्यावर दादाची पोर गेली होती. बडबडी म्हणायचो तिला आम्ही. झोपेतसुद्धा तोंडाचा पट्टा चालू. कॉलेजला जाताना स्कूटरचं चाक खड्ड्यात गेलं...

जागीच गेली.

"दादा, हे काम सोड," मी म्हटलं.

"नाही. तो खड्डा मीच बुजवणार."

बुजवला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पाइप घेऊन गेलो. गोणपाट सगळं ओलंचिंब. फक्त एका जागी...

कोरडं ठणठणीत.

कुत्रं झोपलं असेल, म्हटलं. भरपूर पाणी मारलं. पुढच्या सकाळी पुन्हा तेच. आणि तो आकार कुत्र्याचा नव्हता.

मी पाइप बंद केला. पाखरंसुद्धा गप्प होती.

गोणपाटाखालून आवाज आला...

दात वाजल्याचा. थंडीनं कुडकुडताना वाजतात तसा.

मी ओरडलोच. दादा धावत आला आणि त्या कोरड्या जागेकडे बघतच राहिला. झोपलेल्या माणसाचा आकार, गुडघे पोटाशी घेतलेले. एक हात गालाखाली.

"अशीच झोपायची रे ती."

त्यानं अंगातला स्वेटर काढून त्यावर पांघरला.

"इथं पाणी मारू नकोस. पोर गारठलीय."

इंजिनियर साहेब खवळले. "मिस्त्री, तडा गेला तर सगळं उखडावं लागेल!"

दादानं हात जोडले. "साहेब, एवढी जागा सोडा."

साहेबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते निघून गेले.

त्यानंतर दादा जेवायच्या सुट्टीत तिथंच बसायचा. तिच्याशी बोलायचा. कधी चक्क हसायचा. पोर गेल्यापासून त्याला हसताना मी पाहिलं नव्हतं.

मला राहवेना. मी वहिनीला सांगितलं.

ती सकाळीच आली. स्वेटर बाजूला केला. रोज उठवायची तशी त्या कोरड्या गोणपाटावर थोपटत म्हणाली, "ऊठ गं बाळा. उशीर झालाय. घरी चल."

काहीच झालं नाही.

मग कडेची ओल हळूहळू आत सरकायला लागली... पाय भिजले... खांदा भिजला...

कोरडं काही उरलंच नाही.

दादा मटकन खाली बसला. "का उठवलंस तिला? झोपली होती की गं! निदान इथं तरी होती..."

वहिनी उठली, आणि एक हात मागे धरून चालायला लागली. कुणाचं तरी बोट धरल्यासारखी. मधेच थांबायची, मागचीला गाठू द्यायची, पुन्हा निघायची.

रस्ता आता सुरू झालाय. तडा कुठंच नाही. दादा बाहेरगावच्या कामावर निघून गेला.

तो गेल्यावर मी भीतभीतच वहिनीला विचारलं, "ती... आली का घरी?"

वहिनी भांडी घासत होती. हात थांबले.

"चौकापर्यंत होती, भाऊजी. तिथं एकदम गाड्या आल्या. माझ्या हातातून हात सुटला."



दादाला यातलं काही माहीत नाही. तो फोन करतो. वहिनीशी बोलत नाही, मलाच विचारतो, "पोर घरी बरी आहे ना रे?"

"बरी आहे," मी म्हणतो.

आता परत थंडी पडायला लागलीय. रस्त्यावर नाही, घरी नाही...

मग एकटी पोर गेली कुठं?