नकाशावरचा एक किलोमीटर

"आता काय झालं?" रुग्णालयातल्या सिस्टरने विचारले.

"कागद अडकला," झेरॉक्सवाला म्हणाला.

"अडकणारच. माझाच आहे ना तो!"

दुकान इतके लहान होते की दोन माणसे आत आली की तिसऱ्याने पायरीवर थांबावे. बाहेर पाऊस भुरभुरत होता, म्हणून पायरीवरचा माणूस एक पाऊल आत सरकून उभा होता. त्याचा एक खांदा कोरडा होता, एक ओला. हातात नुसते एक पेन.

"तुमची घाई असेल तर तुमचं आधी होऊ द्या," सिस्टर त्याला म्हणाली. "माझी एक्केचाळीस पानं आहेत. प्रत्येकाच्या दोन प्रती. तिसऱ्यांदा."

"तिसऱ्यांदा?"

एवढे विचारणेच पुरे झाले. सिस्टर सकाळपासून भरून आली होती.

"समोर ते कार्यालय दिसतंय ना, आरोग्य निधीचं? जिथं दवाखाना नाही अशा वस्तीला दवाखान्यासाठी पैसे देतात ते. म्हणजे पाटीवर तसं लिहिलंय. आमची वस्ती कालव्यापलीकडं आहे. सहाशे माणसं. मी आठवड्यातून एकदा, बुधवारी, लशींचा डबा घेऊन जाते. बाकी सहा दिवस तिथं आजारी पडायला मनाई. आता रुग्णालय म्हणतंय, अनुदान नाही मिळालं तर पुढच्या महिन्यापासून बुधवारही बंद. आणि आत कुणी एक घुबड बसलंय, ते दर वेळी अर्ज परत पाठवतं. का, तर रुग्णालय पाच किलोमीटरच्या आत आहे म्हणे!"

"आणि... नाही का?"

"नकाशावर आहे! एक किलोमीटर. पण मधे कालवा आहे. पूल कुठं? वर, कालव्याच्या दरवाजांपाशी. जायचं साडेपाच किलोमीटर वर आणि तेवढंच यायचं खाली. त्या घुबडानं नकाशावर पट्टी ठेवली असणार आणि दिला असणार शेरा. माणसं काय पट्टीवरून चालत जातात?"

झेरॉक्सवाल्याने यंत्राच्या पोटातून चुरगळलेला कागद ओढून काढला आणि तो नीट करताना मोठ्याने वाचला, "पान सात. 'रुग्णालयापासूनचे अंतर.'"

मागच्या माणसाने पेन खिशाला लावले. मग काढले. पुन्हा लावले.

"पट्टी नव्हती," तो हळूच म्हणाला. "दोरा होता. दोऱ्यानं मोजलं मी."

सिस्टर वळली. झेरॉक्सवाल्याने हसू लपवायला यंत्राचे झाकण उघडले आणि जवळजवळ त्यात तोंडच घातले.

"तुम्ही?"

"मी. तपासनीस. म्हणजे... घुबड."

दुसरी एखादी लाजली असती. सिस्टरने कपाळाला हात लावला. "मग आधी बोलायचंत! एवढा वेळ मी भिंतीला सांगत होते?"

"तुम्ही थांबला नाहीत."

"बरं, आता थांबते. बुधवारी सकाळी सहा वाजता रुग्णालयाच्या मागच्या फाटकाशी या. तो दोराही आणा."

*

तो आला. नवे करकरीत बूट घालून आला, यावरूनच सिस्टरने ओळखले की हा माणूस आजवर खुर्चीवर जितका बसला आहे त्याच्या दहाव्या हिश्शानेही चालला नसेल.

रस्ता खडीचा होता. त्यावर बस येत नसे. सायकल न्यावी तर सायकलच खांद्यावर घ्यावी लागे. डाव्या हाताला कालवा, त्याचे काठ सिमेंटचे आणि उभे. आणि पलीकडे, निघताच समोर दिसायची ती वस्ती. पत्र्याची छपरे, वाळत घातलेले कपडे, कुणीतरी अंगण झाडणारे. हाक मारली तर ऐकू जाईल इतके सगळे जवळ, आणि तरी तिथे पोचायला तीन तास चालायचे होते.

"हे फारच चीड आणणारं आहे हो," तपासनीस थांबून, मागे राहिलेली वस्ती पाहत म्हणाला.

"आलात मुद्द्यावर! फक्त साडेतीन किलोमीटरांत आलात."

पुलापाशी त्याने बूट काढून टाचा पाहिल्या. सिस्टरने काही न बोलता पिशवीतून चिकटपट्टी काढली, त्याचा पाय पुढे घेतला आणि लावली. तो कालव्याकडे पाहत राहिला.

"दुखतंय?"

"नाही. हो. म्हणजे... टाच दुखतेय."

"मग दुसरं काय दुखणार होतं?"

तो घाईने बूट चढवू लागला.

वस्तीत वजनकाट्याची एक जुनी खोली होती. तिथे सिस्टर बुधवारी बसे. बाहेर बायाबापड्यांची रांग लागलीच होती. रांगेत एक आजी होती, पायाला फडके गुंडाळलेली. तपासनिसाने वही उघडून अदबीने विचारले, "आजी, रुग्णालयात का नाही गेलात?"

"पाय दाखवायला," आजी म्हणाली.

"हो, तेच. का नाही गेलात?"

"अरे बाबा, तेवढं चालायला पाय बरा असता, तर दाखवायला कशाला गेले असते?"

रांगेत हशा पिकला. तपासनिसाने ते वाक्य जसेच्या तसे वहीत उतरवले आणि खाली दोन रेघा ओढल्या. सिस्टरने ते तिरक्या नजरेने पाहिले. राग तसाच होता, पण त्याला कुठेतरी बारीकशी चीर गेली.

*

पुढच्या बुधवारी तो फीत घेऊन आला. अंतर अधिकृतपणे मोजायचे होते. त्याच्या पुढच्या बुधवारी फोटो राहिले होते. चौथ्या बुधवारी तो फाटकाशी उभा दिसला तेव्हा सिस्टरने लांबूनच ओरडून विचारले, "आज कुठला कागद कमी पडला?"

"आज... आज कागद नाही."

"मग?"

"अहो, डबा जड असतो तुमचा."

तिने डबा त्याच्या हातात दिला. दोघे चालू लागले. वारा कालव्यावरून येत होता आणि तिच्या कानामागची बट सारखी सुटत होती. तो ती बट पाहायचा आणि मग एकदम खडी पाहायचा, जणू तिथेच काही पडले आहे.

"एक विचारू?" ती म्हणाली. "मला सगळं जग सिस्टर म्हणतं. तुमचे शिपाईकाकासुद्धा. तुम्ही एकटे 'अहो' का म्हणता?"

त्याचे कान लाल झाले. "ते सिस्टर... मला जमत नाही."

"का जमत नाही? सोपा शब्द आहे."

"सोपा आहे. पण तुम्हाला म्हणायला नाही जमत."

सिस्टर भरभर पुढे चालू लागली. पण घरी आल्यावर तिने हे आत्याला, तक्रार म्हणूनच, सांगितले. आत्याने तिला लहानाची मोठी केलेली. डाळ निवडता निवडता तिने डोळे वर केले.

"चार बुधवार झाले गं. रस्ता तेवढाच आहे ना? की दर आठवड्याला वाढतोय?"

"आत्या, सरकारी माणूस आहे तो. त्याला प्रत्येक गोष्ट चारदा केल्याशिवाय झोप लागत नाही."

"आणि तुला?"

"मला त्याचा वैताग येतो!"

"येऊ दे, येऊ दे," आत्या म्हणाली. "तुझ्या काकांचा मला अजून येतो."

*

महिनाअखेरीला निधीची बैठक होती. तिच्या तीन दिवस आधी सिस्टरला पत्र आले: आपला अर्ज संबंधित तपासनिसांकडून काढून घेण्यात आला असून, नव्याने पडताळणी होईपर्यंत विचारात घेतला जाणार नाही.

ती हातात पत्र घेऊन थेट त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"हे काय आहे?"

"बसा ना..."

"बसत नाही! तुम्ही स्वतः चाललात. स्वतः मोजलंत. अकरा किलोमीटर लिहिलंत. मग फाईल काढून का घेतली?"

"कारण मीच सांगितलं तसं." तो उभा राहिला. "शेवटच्या पानावर एक रकाना असतो. तपासनिसाचा अर्जदाराशी काही वैयक्तिक संबंध आहे का? हो किंवा नाही."

"नाही! साधा चहासुद्धा पाजला नाही मी तुम्हाला."

"मी 'हो' लिहिलं."

पलीकडच्या टेबलावरचा टंकलेखनाचा आवाज बंद पडला.

"म्हणजे... तुमच्याकडून काही नाही," तो घाईघाईने म्हणाला. "ते मी कंसात लिहिलंय. 'एका बाजूने.'"

सिस्टरने पत्र टेबलावर आपटले. "सहाशे माणसांचा अर्ज आहे तो! तीन दिवस थांबता आलं नाही तुम्हाला? 'नाही' लिहायचंत, बैठक होऊ द्यायचीत!"

"आणि पुढे कुणी विचारलं असतं तर? दवाखाना उभा राहिल्यावर चौकशी लागली असती, पैसे परत मागितले असते. वस्तीला दिलेलं काढून घ्यायचं, ते माझ्यामुळे?" त्याचा आवाज पहिल्यांदाच वर चढला. "खोटं लिहून दिलेला दवाखाना टिकत नाही हो. मला तो टिकायला हवाय."

तो बरोबर बोलत होता, आणि याचाच सिस्टरला सर्वांत जास्त संताप आला. ती पत्र तिथेच टाकून निघून गेली.

*

नवी पडताळणी कार्यालयातल्या मोठ्या बाईंकडे आली. निवृत्तीला आठ महिने राहिलेल्या, कडक, आणि गुडघ्यांनी त्रस्त. बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी त्या फाटकाशी आल्या, घड्याळ पाहिले आणि म्हणाल्या, "मला प्रेमाबिमाचं काही सांगू नका. अंतर दाखवा."

सिस्टरचे गाल तापले, पण ती चालू लागली. पहिल्या किलोमीटरला बाई ताठ चालल्या. दुसऱ्याला त्यांनी काठी मागितली. तिसऱ्याच्या अलीकडेच त्या दगडावर बसल्या, पदराने मान पुसली आणि त्यांनी पलीकडे पाहिले. त्या काठाने एक बाई तान्ह्याला खांद्यावर घेऊन पुलाकडे चालली होती.

"झालं," मोठ्या बाई म्हणाल्या.

सिस्टर त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "बाई, अजून आठ किलोमीटर आहेत. थोडी विश्रांती घेऊन..."

"मला जमणार नाही. मी पोटभर खाल्लेली, हातात काठी असलेली बाई. मला जमत नाही, तर पोटुशीला कसं जमेल? अजून काय सिद्ध करायचंय?" त्यांनी पिशवीतून कागद काढला, मांडीवर ठेवून तिथेच लिहिला आणि सही ठोकली. "चला, आता मला परत कसं न्यायचं ते बघा."

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्ज मंजूर झाला. एक खोली, एक कायमची सुईण, लशींसाठी एक फ्रीज.

*

सिस्टर कार्यालयात पोहोचली तेव्हा तपासनीस शाळांच्या पाण्याच्या फायली लावत होता. त्याला आता तिकडे बसवले होते. तिला पाहून त्याच्या हातातली फाईल निसटली.

"अभिनंदन," तो म्हणाला.

"अभिनंदन गेलं खड्ड्यात." ती समोरच्या खुर्चीवर बसली. "मला एक सांगा. तुमच्या मनातली गोष्ट तुम्ही रकान्याला सांगितलीत. साहेबांना सांगितलीत. मोठ्या बाईंना ठाऊक, शिपाईकाकांना ठाऊक. झेरॉक्सवाल्यानं काल माझे पैसे घेतले नाहीत! सगळ्या गावाला कळलं. मला कुणी सांगितलं?"

"तुम्हाला... तेव्हा त्या दिवशी मी..."

"त्या दिवशी तुम्ही रकान्याचं सांगितलंत. माझ्याशी बोला. पेन खाली ठेवा आणि बोला."

त्याने पेन ठेवले. घसा साफ केला. मग एकेक शब्द, प्रत्येकाची खातरी करून घेत असल्यासारखा, तो म्हणाला, "मला तुम्ही आवडता. फार. दुसऱ्या बुधवारी फितीचं काम नव्हतं. पहिल्या दिवशीच मोजणी झाली होती, माझ्या पावलांनी."

"माहीत होतं मला."

"मग काही बोलला का नाहीत?"

"रकान्यात 'एका बाजूने' असं कुणी लिहिलं? मला विचारून लिहिलंत?" तिचा आवाज चढला आणि मग मधेच कुठेतरी मऊ पडला. "चूक लिहिलंत. तेवढं एक चूक लिहिलंत."

मग त्याने चष्मा काढला, पुसला, घातला. शाईची बाटली बाजूला सरकवली. टाचण्यांची डबी त्या बाटलीशेजारी ठेवली. त्याला तिचा हात धरायचा आहे, हे एव्हाना पलीकडच्या टेबलालाही कळले होते. पण मधे शाळांच्या पाण्याच्या फायलींचा उंच गठ्ठा होता आणि तो एकेक फाईल उचलून, क्रमांक पाहून, जागेवर लावू लागला होता.

"अहो!" सिस्टर म्हणाली.

तिने तो गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला, जमिनीवर ठेवला आणि त्याचा हात धरला.