काचेवरची सावली

मी गेलो होतो माशांच्या टाकीतल्या फिल्टरचा कापूस आणायला. जानेवारीतली दुपार होती, रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फ साचलेला. अ‍ॅशलंडमध्ये माशांचं दुकान एकच, रॉक्सॅनचं. कापूस घेताघेता मी म्हणालो, "टाकीत किडे झालेत. पांढरे, बारीक. नखाएवढे."

"डोकं कसं आहे त्यांचं? गोल की टोकदार?"

"बाणासारखं."

तिनं तोंड वाकडं केलं. "मग ते वाईट. अंडी खातात. कापू नका हं वेंडेल, एकाचे दोन होतात. आणि ते उजेडाला भितात. दिवसा वाळूत लपतात, अंधार मिळाला की वर येतात."

"माझ्याकडे तर दिवसाच येतात," मी म्हणालो.

"चष्मा बदला," ती हसली. पण संध्याकाळच्या आत येऊन बघते, असंही म्हणाली.

टाकी माझ्या बायकोची, ओपलची. त्यात एंजल माशांची एक जोडी. चार वर्षं ती जोडी रुंद पानावर अंडी घालायची आणि चार वर्षं ती अंडी नाहीशी व्हायची. ओपल टाकीसमोर खुर्ची ओढून तासन्‌तास बसायची, हनुवटीखाली हात घेऊन. मागच्या मार्चमध्ये इस्पितळात तिनं मला विचारलं, "निघाली का रे पिल्लं?" मी हो म्हणालो. किती, तेही सांगितलं. चाळीस. ती हसली. दोन दिवसांनी गेली.

तेव्हापासून मला एवढंच वाटत होतं, की ते खरं व्हावं. त्या सोमवारी पानावर पुन्हा अंडी आली होती.

रॉक्सॅन तीनला आली. आमच्याकडे तीन वाजता ऊन खिडकीतून तिरपं येतं आणि टाकीची समोरची काच सगळी उजळून निघते. घरात हीटरची घरघर आणि शेवाळाचा ओलसर वास. तिनं बूट दाराशी काढले, टाकीजवळ आली आणि उभीच राहिली.

भरल्या उन्हात काचेच्या उजव्या बाजूला किडे चिकटले होते. शेकड्यांनी. बाकी काच स्वच्छ, आणि तेवढा एकच पांढरा डाग.

"खुर्चीची सावली पडते इथं," ती म्हणाली.

"खुर्ची मी काल हलवली. डाग तिथेच आहे."

तिनं पिशवीतून टॉर्च काढला आणि उजेड सरळ त्या डागावर धरला. एकही किडा हलला नाही. मग तिनं थोडं बाजूला, वाळूवर धरला. तिथले दोनतीन होते ते सुळकन आत गेले. तिनं टॉर्च पुन्हा डागावर नेला.

"वेंडेल... ही कुणीतरी बसलंय अशी आकृती आहे."

"हो."

"हे डोकं. हा अंबाडा. आणि हे इकडे बाहेर आलेलं..."

"कोपर," मी म्हणालो. "हनुवटीखाली हात घेतला की येतं तसं."

तिनं टॉर्च विझवला. मग औषधाची पुडी टेबलावर ठेवली. "कुत्र्यांचं जंताचं औषध आहे. चिमूटभर आज, चिमूटभर दहा दिवसांनी. गोगलगायी आधी काढून ठेवा, त्या मरतात. नाही टाकलंत तर रात्रीतून अंडी संपतील." दाराशी बूट चढवताना हळूच म्हणाली, "टाकायचं का नाही, ते मी नाही सांगणार."

ती गेल्यावर मी खुर्ची जागेवर ठेवली. स्वतःसाठी स्टूल घेतलं, ओपलला जागा मिळावी असं जरा लांब. ऊन उतरत होतं. पानाच्या देठावर चारपाच किडे चढायला लागले होते. मादी पंखानं वारा घालत होती, पण ती सगळीकडे कुठं पुरणार?

"ओपल," मी म्हणालो, "औषध टाकलं की तू दिसणार नाहीस मला."

हीटर घरघरत राहिला.

"पण मी तुला चाळीस सांगितलीयत गं."

मी पुडी फोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डाग विरळ झाला. किडे दोऱ्याच्या तुकड्यांसारखे खाली पडत होते. सगळ्यात शेवटी कोपराचे सुटले. तिसऱ्या दिवशी अंडी थरथरायला लागली, आणि पुढच्या आठवड्यात पिल्लं पोहत होती, स्वल्पविरामाएवढी. मी तीनदा मोजली. एकतीस भरली. एकतीस तर एकतीस. "निघाली गं," मी मोठ्यानं सांगितलं. काच स्वच्छ होती. त्या दिवशी मी खूप रडलो, आणि बरंही वाटलं.

दहाव्या दिवशी तीन वाजता मी कॉफीचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. काचेवर पुन्हा डाग होता. पण या वेळी डावीकडे, जिथं माझं स्टूल असतं तिथं. अंबाडा नव्हता. खांदे रुंद होते आणि उजवा खांदा खाली झुकलेला. गोदीवर मी चाळीस वर्षं त्याच खांद्यावर पोती वाहिली आहेत. डोक्यावर पुढं आलेली टोपी होती, आत्ता माझ्या डोक्यावर होती तशीच.

मी जाऊन स्टुलावर बसलो. उन्हात माझी सावली काचेवर पडली आणि त्या डागावर नेमकी बसली. कुठं बोटभरही कमी नाही, जास्त नाही.

संध्याकाळी रॉक्सॅनचा फोन आला. "दुसरी चिमूट टाकलीत ना?"

"टाकतो. रॉक्सॅन, पिल्लं तू घेऊन जा."

"अहो, दोन महिने तरी वाढू देत. एवढी काय घाई?"

"ये तू," म्हणालो, "शनिवारच्या आत ये."

"बरं नाही का तुम्हाला?"

"बरा आहे. अगदी बरा आहे."

आज सकाळी ती पिल्लं घेऊन गेली, दोन पिशव्यांत, कोटाच्या आत उबेला धरून. मी दारात उभा राहून गाडी वळेपर्यंत बघत होतो. थंडी होती म्हणून टोपी घातली होती, ती घरात आल्यावरही तशीच राहिली. माझी सवय अशी, की पुन्हा बाहेर जायचं नसलं तरच मी टोपी काढतो.

तीन वाजता काचेसमोर गेलो. दुसरी चिमूट मी टाकलीच नव्हती, डाग जागेवर होता. फक्त त्याचं डोकं उजवीकडे, खुर्चीच्या बाजूला वळलं होतं.

आणि त्यानं टोपी काढलेली होती.