अख्ख्या पानाचा चहा

आमच्या पहिल्याच भेटीत मी त्याच्या बुटावर चहा थुंकले.

ऐकायला कसंतरीच वाटतं, पण माझं कामच ते. मामांच्या चहाच्या पेढीत मी चहा चाखते. चमच्यातून फुर्रकन घोट ओढायचा, तोंडात घोळवायचा आणि कोपऱ्यातल्या पितळी भांड्यात थुंकायचा. जुन्या सर्दीने मामांचं नाक कामातून गेलंय, म्हणून पेढीची सगळी भिस्त माझ्या जिभेवर. मामा मला हाकही 'जीभबाई' अशीच मारतात. नेम माझा कधी चुकत नाही. पण त्या दिवशी वळले, तर भांड्याच्या आणि माझ्या मध्ये एक उंच मुलगा हातात डबा घेऊन उभा... आणि झालं!

"अय्या! सॉरी, सॉरी—"

"राहू द्या." तो बुटाकडे बघत म्हणाला. "एवढा वाईट होता चहा?"

"चहा चांगला होता. तुम्ही मध्ये आलात."

"मग बुटाची चंगळ झाली म्हणायची."

मी हसू दाबलं. त्याने डबा उघडला. आत लांब, पीळ दिलेली काळीभोर पानं होती, अख्खीच्या अख्खी. आमच्याकडे येतो तो सगळा बारीक दाण्याचा चहा, हॉटेलांना लागतो तसला. असलं पान आमचा जिना कधी चढलंच नव्हतं.

त्याने आपल्या डोंगराचं नाव सांगितलं. मामांनी टेबलावरून मान वर केली. "तिकडे चहा होतो? मला वाटलं, तिकडे नुसतं धुकं होतं."

"दोन्ही होतं. धुकं आम्ही फुकट देतो."

मामा चक्क हसले. मग त्याने सरळच सांगितलं. बाग त्याची आणि त्याच्या ताईची. बाकीचे व्यापारी डोंगराचं नाव ऐकूनच डबा परत करत होते. या हंगामात कोणी चहा घेतला नाही, तर पाला शेजारच्या कारखान्यात जाणार, इतरांच्या पाल्यात मिसळून भरडला जाणार.

"मग तो आमचा चहा राहणार नाही," तो म्हणाला. या वाक्यात मात्र थट्टा नव्हती.

"जीभबाई म्हणेल तसं," मामांनी माझ्यावर ढकलून दिलं.

मी पानं किटलीत टाकली, पाणी ओतलं आणि वाळूचं घड्याळ उलटं केलं. तो सांगत होता, खुडलेली पानं जाळीवर पसरतात, मग ताई मूठ भरून दाबून बघते. पान कुरकुरलं नाही की झालं.

"रुसलेल्या माणसासारखं हवं. गप्प आणि मऊ."

"रुसलेलं माणूस मऊ असतं?"

"आमच्याकडे असतं. तुमच्याकडे?"

"आमच्याकडे भांडी आपटतात."

"मग जपून वागायला हवं," तो म्हणाला आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी उगाच चमचे पुसायला घेतले.

केव्हातरी मी चहा ओतला. घोट घेतला आणि... मधासारखं काहीतरी, उन्हात वाळलेल्या कपड्यांसारखं काहीतरी. मी थुंकलेच नाही. गिळून टाकला! मामा चष्म्यावरून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, खात्री करावी म्हणून एकटीनेच परत चाखला. पाणचट! पानाची पाण्याशी नुसती तोंडओळख झालेली. दुपारी तो उत्तर विचारायला आला. गप्पांच्या नादात पुन्हा केला, तर पुन्हा तोच मध, तेच ऊन. पुढच्या सकाळी एकटी... पाणचट.

डबा तोच, पाणी तेच. बदलत होतं काय? मीच! जिन्यावर त्याची पावलं वाजली की माझे कान टवकारले जात होते, हे मला कळत नव्हतं असं नाही. म्हणजे जीभही फितूर झाली? मला चहा आवडत होता, की चहावाला? आणि हे नक्की नसताना मामांना 'घ्या' म्हणणं म्हणजे शुद्ध फसवणूक. डोकं नुसतं भणभणत होतं.

तो आला तेव्हा मी डबा त्याच्यापुढे सरकवला. "नाही घेता येणार."

त्याचा चेहरा उतरला. "का?"

"तुम्ही असलात की छान लागतो. नसलात की नाही लागत."

बोलून गेले आणि मग कळलं, काय बोलले ते. तो कानापर्यंत लाल झाला. मामा एकाएकी खिडकीबाहेर बघायला लागले.

"म्हणजे..." तो चाचरला. "हे चहाबद्दल आहे, की—"

"मला माहीत नाही!" मी जवळजवळ ओरडलेच.

त्याने डबा परत माझ्याकडे सरकवला. मग तो म्हणाला, "मी नसताना कसा करता, तसा करून दाखवा. मी बोलणार नाही."

मी केला. वाळू संपली, किटली उचलली.

"एवढ्यात?"

"वाळू संपली की ओतायचा. नेहमीचंच आहे."

"काल नव्हता ओतलात. काल वाळू संपून गेली, आणि तुम्ही ताईच्या लग्नाची गोष्ट ऐकत बसला होतात."

मी किटलीचं झाकण उघडलं. पानं अजून अर्धी मिटलेलीच होती. बारीक दाणा पटकन सगळं देऊन मोकळा होतो, अख्ख्या पानाला उलगडायला सवड लागते. तो असला की माझं घड्याळाकडे लक्षच नसायचं, आणि बोलता बोलता चहा आपोआप मुरायचा. आम्ही थांबलो. मग ओतला. मध, ऊन, सगळं जागच्या जागी!

"मामा, घ्या. सगळा घ्या."

मामांनी मान डोलावली. तोही हसला, पण ते हसू लगेच विझलं.

"म्हणजे आता मी नसतानाही छान लागेल," तो म्हणाला.

"लागेल."

"बरं झालं." बरं झाल्याचा सूर काही नव्हता. "उद्या ट्रकने माल पाठवतो. मला यायची तशी गरज—"

चहाचा गुंता सुटला होता, आणि त्याच्याबरोबर हाही सुटून चालला होता. आता गप्प राहिले तर संपलंच.

"थांबा. मला तुमचा चहा आवडतो," मी म्हणाले. "आणि मला तुम्ही आवडता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत्ता कळलं. ट्रक येऊ दे, पण तुम्हीही या."

"चहा घ्यायला?" त्याने विचारलं.

"चहा मी दिवसभर पिते. कॉफी प्यायला."

मामांच्या हातून चष्मा पडला. त्याने तो उचलून मामांना दिला, मामांनी घालावा म्हणून वाटही बघितली. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "उद्याच का? आज नाही चालणार?"