उंबऱ्यापर्यंत आलेली तार

रामलिंगच्या रानाकडे जाणाऱ्या वाटेवर, भर दुपारी, शिवरंजनीला अर्धाच माणूस दिसला. कमरेखाली नुसती जमीन. पान हलत नव्हते. तिने गाडी थांबवली.

"जिवंत हाय का कोण?"

"सध्या तरी हाय," खड्ड्यातून उत्तर आले. "पाणी पाजलंत तर पुढंही राहीन."

तो बसवेश, तार जोडणारा. गावोगावच्या पंचायतीत इंटरनेट पोहोचावे म्हणून सरकारी निधीतून जमिनीखाली काचेची तार टाकली होती. तीच तुटली होती. शिवरंजनी आपल्या गावच्या पंचायतीत सेवा केंद्र चालवी. शुक्रवारी तपासणी होती. तार बंद आढळली तर गाव योजनेच्या यादीतून जाणार, केंद्राला कुलूप लागणार आणि तिला कामासाठी पुणे गाठावे लागणार.

त्याने तार जोडली. दुसऱ्या दुपारी ती पुन्हा तुटली.

पंचायतीतल्या टोकाला यंत्र लावून तो तारेत प्रकाश सोडी. तुटल्या जागेवरून प्रकाश माघारी फिरे आणि यंत्र अंतर सांगे. सोमवारी दोन हजार मीटर. मंगळवारी नऊशे. बुधवारी दोनशे... वरची माती मात्र कुठेच उकरलेली नसे.

"चालत येतंय जणू," तो पुटपुटला.

"कुणाकडं?" तिने हसून विचारले, आणि उत्तर ऐकावे लागू नये म्हणून भाकरी-शेंगाचटणीचा डबा पुढे केला.

शुक्रवारी यंत्राने तीन मीटर दाखवले. म्हणजे दारातच. अधिकाऱ्यांची जीप फाट्यावर आल्याचा फोन नुकताच येऊन गेला होता.

बसवेशने उंबऱ्याशी बसून तार बाहेर काढली. सुरीने कापावी तशी ती स्वच्छ तुटली होती.

"एक विचारू? तुम्हीच तोडता ना... मी रोज यावं म्हणून?"

तिचे कान तापले. "मला वाटलं, तुम्ही. भाकरीच्या निमित्तानं. म्हणून तर सरपंचांना बोलले न्हाय."

"म्हणजे... माझं रोज येणं चाललं असतं?"

"आधी सांगा, तुम्ही तोडत न्हाय?"

"न्हाय. पण रोज तुटावी, असं मात्र वाटत होतं."

दाराबाहेर, अगदी जवळ, कुणीतरी श्वास सोडल्यासारखे झाले. अंगणात कुणी नव्हते.

पंचायतीत झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्या गंगम्माने केरसुणी खाली ठेवली. "सोयरीक घेऊन आलेलं उंबऱ्यावरच थांबतं, पोरी. उत्तर घेतल्याबिगर आत येत न्हाय अन् माघारी बी जात न्हाय. ह्या पोरासाठी आलंय ते, किती उभं करशील?"

शिवरंजनीने बसवेशकडे पाहिले. त्याच्या एका हातात तारेचे एक टोक होते, दुसऱ्या हातात दुसरे. मध्ये वीतभर अंतर. जीपचा आवाज ऐकू येऊ लागला. तो मात्र तिच्याकडेच पाहत राहिला...

ओढणी सावरून, रिकाम्या दाराकडे तोंड करून ती हळूच म्हणाली, "माझा होकार हाय."

भिंतीवरच्या इंटरनेटच्या पेटीतला दिवा हिरवा झाला. संगणकावर अडकलेली पाने एकामागून एक उघडू लागली.

"जोडलीत?" तिने मागे न वळता विचारले.

बसवेशने खाली पाहिले. दोन्ही टोके अजून त्याच्या दोन हातांतच होती.