नाव बुडाला लिहायचं

रविवारी सकाळी, शहाणी माणसं अंथरुणात दुसऱ्यांदा कूस बदलत असतात त्या वेळी, लवंगी हातमोजे चढवून पेशींच्या खोलीत उभी होती आणि तिच्या रागाचा पारा चढत होता. ऊबपेटीचं दार उघडताच नेहमीची गरम, ओलसर वाफ तोंडावर आली. पण आत, तिच्या हक्काच्या कप्प्यात, कुणीतरी बिनदिक्कत बिऱ्हाड थाटलं होतं. पेशींच्या परक्या बशा! तिच्या बशांना अगदी मांडीला मांडी लावून बसलेल्या. आणि वर झाकणांवर गिचमिड अक्षरात काहीतरी लिहिलेलं.

लवंगी हे तिचं घरचं नाव. चणीनं एवढीशी आणि जिभेनं तिखट, म्हणून मावशीनं ठेवलेलं. ते संस्थेत कसं पोचलं देव जाणे, पण आता शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे मागून तेच म्हणत.

"झाकणावर!" ती भिंतीला म्हणाली. "झाकणावर नाव लिहितं का कुणी?"

"मी लिहितो," मागून आवाज आला.

ती वळली. दारात एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. भुरभुर पावसातून आल्यामुळे चष्म्यावर थेंब, आणि चष्मा पुसायला हातात स्वतःच्याच शर्टाचं टोक. अशा अवतारातही तो हसत होता, हे तिला मुळीच आवडलं नाही. म्हणजे... हसू वाईट नव्हतं. पण वेळ काय, प्रसंग काय!

"समोरच्या खोलीत नवीन आलोय. आमची पेटी बंद पडली. इथे जागा दिसली, म्हणून—"

"जागा दिसली म्हणून माणूस कुठेही बसतो का? आणि नाव झाकणावर! अहो, झाकण काढलं, बाजूला ठेवलं, चुकून दुसऱ्याच बशीवर बसलं, की तुमचं पोर माझं आणि माझं तुमचं. नाव बुडाला लिहायचं असतं. नाहीतर नाव बुडतं."

"वा! रविवारीसुद्धा कोट्या करता?"

"कोटी नाही ती. ताकीद आहे."

"बरं," तो म्हणाला, आणि खरंच पेन काढून एकेक बशी अलगद उचलून बुडाला नाव लिहू लागला. इतक्या जपून, की लवंगीनं आपल्या बशा सरकवून त्याला जागाच करून दिली. ज्याच्याशी भांडायचं तोच ऐकून घ्यायला लागला, की फार पंचाईत होते.

तो कातडीवाला होता. म्हणजे कातडीची पेशी घ्यायची, तिला औषधं पाजून उलटी फिरवायची आणि पुन्हा कोवळी, काहीही होऊ शकेल अशी करायची, हे त्याचं काम. लवंगीच्या पेशी भ्रूणातून आलेल्या, जन्मतःच कोवळ्या. मूल होण्यासाठी दवाखान्यात तयार केलेले, पण न वापरलेले, पाच दिवसांचे भ्रूण. त्यातून पेशी काढायच्या, तर तो भ्रूण मोडावा लागतो. तिथेच सगळं घोडं पेंड खात होतं. संस्थेत त्यावरून दोन तट पडले होते आणि दोन्हीकडचे लोक चहासुद्धा वेगळ्या टेबलांवर पीत.

पेशींना मात्र तट नाही, आणि रविवारही नाही. त्यांचं गुलाबी पाणी रोज बदलावं लागतं. पिवळं पडलं, की समजायचं पोरं उपाशी आहेत. शेवटी, दोघांनी दर रविवारी हेलपाटा मारण्यात काय अर्थ, म्हणून ठरलं: एका रविवारी तिनं दोघांच्या पेशींना जेवायला घालायचं, एका रविवारी त्यानं. व्यवहार चोख होता. पण झालं काय, की ज्याची पाळी नसे तोही यायला लागला. त्याची छत्री विसरलेली असायची, तिचा पेन. छत्री तिसऱ्यांदा विसरली, तेव्हा लवंगीनं मनात कपाळाला हात लावला.

"एक विचारू?" एकदा तो खिडकीशी उभा राहून म्हणाला. "तुम्हाला भ्रूण मोडताना काहीच वाटत नाही?"

"सुईच्या टोकाएवढा ठिपका असतो तो. ना मेंदू, ना काळीज."

"ठिपका आहे, कबूल. पण पुढे कोण झाला असता?"

"पुढे? फ्रीजरमध्ये राहून राहून कचऱ्यात गेला असता! आणि तुमच्या त्या उलट्या फिरवलेल्या पेशी मध्येच भलत्या वाटेला लागतात, त्याचं काय?"

"लागतात खऱ्या. माझ्यावर गेल्यात."

"तुमच्यावर?"

त्यानं बाही वर सरकवली. दंडावर आतल्या बाजूला एक बारीकसा गोल व्रण होता. "कातडी दुसऱ्या कुणाची मागायची, म्हणून माझीच दिली."

लवंगीच्या हातातली नळी तशीच राहिली. "म्हणजे... इतके रविवार मी तुम्हाला जेवायला घालत होते?"

"हो," तो म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला. चष्मा कोरडा होता. "चांगलं मानवलंय मला."

असल्या माणसाला काय बोलायचं? ती खूप चिडली. इतकी, की घरी जाईपर्यंत कान गरम होते, आणि मावशीनं "ताप आलाय का गं?" असं विचारलं.

मावशी म्हणजे लवंगीच्या सगळ्या धडपडीचं मूळ. तिच्या नजरेचा मधला भाग हळूहळू मिटत चालला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. माणूस बघायचा तर ती मान वळवून तिरकी बघायची, कोंबडीसारखी. "तुझं नाक दिसत नाही हल्ली," ती म्हणायची. "म्हणून सुंदर दिसतेस." लवंगी आपल्या भ्रूणपेशींपासून डोळ्याच्या आतला तोच पडदा नव्यानं तयार करत होती. पडदा धरूही लागला होता. पण जुन्या पेशी वाढवून वाढवून थकल्या होत्या, त्यांच्यात चुका शिरत होत्या. नवे भ्रूण हवे होते. त्यासाठी संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी हवी होती, आणि बैठक आली होती अगदी तोंडावर.

आदल्या रविवारी तिनं आपलं भाषण त्याला म्हणून दाखवलं. तो स्टुलावर बसून ऐकत होता, मान डोलवत होता. मग ती म्हणाली, "हे शिल्लक भ्रूण—" आणि त्याची मान थांबली.

"तो शब्द बदला."

"कुठला? शिल्लक? अहो, सगळे तोच म्हणतात. दवाखान्याच्या कागदावर तोच आहे!"

"माहितीय."

"मग? ऐन वेळी शब्दांचा कीस पाडायचा, की आमच्या कामावर पाणी फिरवायचं, नक्की काय ठरवलंय तुम्ही?"

त्यानं चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला. नंतर अगदी साध्या आवाजात म्हणाला, "आमच्या ताईच्या वेळी दवाखान्यात तीन भ्रूण झाले होते. एकाची ताई झाली. दोन गोठवले... शिल्लक. ताई शाळेत जायला लागली, तेव्हा आईला वाटलं, अजून एक मूल हवं. त्या दोनांतला एक मी."

लवंगीनं हातातला भाषणाचा कागद खाली ठेवला.

"आणि... दुसरा?"

"आईनं संशोधनाला दिला. खूप रडली म्हणे, पण दिला. शिल्लक राहिला म्हणून नव्हे हो. कुणाचं तरी भलं होईल म्हणून. नळी उचलणाऱ्याचा हात त्या दिवशी जरा डावीकडे गेला असता, तर मी अशाच एखाद्या बशीत असतो, आणि तो इथे बसून तुमची बोलणी खात असता." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "मी तुमच्या विरुद्ध नाही. कातडीचं काम धरलं ते एवढ्यासाठीच, की पुढे कुठल्या आईला कुणाला असं विचारावं लागू नये."

तो छत्री घेऊन गेला. या वेळी विसरला नाही. लवंगीला सगळ्यात जास्त राग आला, तो या गोष्टीचा.

बैठकीला मावशी हट्टानं आली आणि बाहेरच्या बाकावर बसली. आत लांबलचक टेबल, पाण्याचे ग्लास, आणि चष्म्यावरून बघणाऱ्या अध्यक्षबाई. कातडीवाल्याला त्यांनीच बोलावलं होतं.

"तुमच्या पेशी असताना यांच्या हव्यात कशाला?" त्यांनी त्याला सरळ विचारलं.

"हव्यात," तो म्हणाला. "माझ्या पेशी खऱ्या उतरल्यात का, ते यांच्या पेशींशी ताडूनच कळतं. आज यांचं काम थांबवलंत, तर माझं आंधळं होईल." त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. शहाणा मुलगा. बघितलं असतं, तर ती तिथेच पाघळली असती.

मग समितीतले वकीलसाहेब बोलले. ते लवंगीच्या बाजूचे, म्हणून अधिकच मोठ्यानं. "अहो, एवढा खल कशाला? शिल्लक माल आहे. नाहीतरी फेकायचाच! घ्या आणि वापरा. काय हो मॅडम, शिल्लकच ना?"

टेबलाभोवती माना हलल्या. अध्यक्षबाईंनी पेन उघडला. लवंगीनं फक्त हो म्हणायचं होतं. दोन अक्षरंसुद्धा नाहीत, एकच. बाहेर बाकावर मावशी होती, पेटीत थकलेल्या पेशी होत्या, आणि तोंडात तो हो अगदी तयार होता.

"नाही," ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली. "शिल्लक नाहीत. दिलेले आहेत. कुणीतरी काळजावर दगड ठेवून दिलेले आहेत."

वकीलसाहेबांनी डोक्याला हात लावला. अध्यक्षबाईंनी पेन मिटला आणि पहिल्यांदाच चष्म्यातून तिच्याकडे नीट बघितलं. "दिलेले म्हणता? मग देणाऱ्यांना काय काम, कशासाठी, हे समजावून विचारलंय का?"

नव्हतं विचारलं. कधीकाळी दवाखान्यानं ठेवायचे का टाकायचे एवढंच विचारलं होतं. ते लवंगीला माहीत होतं, आणि आता लपवण्यात अर्थ नव्हता. निकाल लागला: आहेत त्या पेशींवर काम चालू ठेवा. नव्या भ्रूणांना हात लावायचा, तर आधी एकेका जोडप्याला भेटा, समोर बसून विचारा. मग बघू. म्हणजे वर्ष तरी गेलं.

ती तरातरा बाहेर आली. मावशीशेजारी मटकन बसली आणि सगळं सांगून टाकलं. "तुझं एक वर्ष घालवलं गं मी. एका शब्दापायी!"

मावशीला लागलं होतं, ते दिसत होतं. मग तिनं लवंगीच्या पाठीवर हात ठेवला. "डोळे माझे आहेत. कुणाला फसवून आलेली नजर घेऊन मी बघू काय? तुझं तोंड?" आणि मान वळवून, तिरकी होऊन, तिनं दाराकडे बघितलं. "तो कोण खांबासारखा उभा आहे? मधला दिसत नाही, पण कडेनं बरा वाटतोय."

कातडीवाला दाराशी उभा होता. चष्मा हातात. डोळे पुसत होता की काच, ते त्यालाच माहीत.

"अहो, ऐका ना," तो पुढे आला. "त्या जोडप्यांना भेटायला मी येईन बरोबर. आईलाही आणीन. काय वाटतं, ते तिच्याइतकं दुसरं कोण सांगणार? तुम्ही म्हणाल तेव्हा... म्हणजे, तुम्हाला चालत असेल तर... तुम्ही—"

"पुरे!" लवंगी उठून उभी राहिली. उठूनही ती त्याच्या खांद्यालाच लागत होती, त्याचाही तिला वैताग आला. "तुम्ही तुम्ही काय लावलंय? तुझ्यामुळे माझी परवानगी गेली, तुझ्यामुळे मला झोप नाही, दर रविवारी तुला जेवायला घालायचं, वर तूच छत्री विसरायचास, आणि ज्या दिवशी विसरला नाहीस त्या दिवशी मी वेड्यासारखी कोपऱ्यात शोधत बसले! आवडतोस तू मला. झालं समाधान?"

कॉरिडॉरमधली दोन माणसं थबकली. मावशीनं मान आणखी तिरकी केली.

त्याचा चेहरा कपाळापर्यंत लाल झाला. "तू... मला तू म्हणालीस," तो पुटपुटला. "रागात नाही ना? उद्या पुन्हा तुम्ही..."

"नाही," ती म्हणाली. आवाज अखेर खाली आला होता. "झाकणावर नाही लिहिलेलं. बुडाला लिहिलंय."

मग तिला घड्याळ दिसलं आणि ती पुन्हा ओरडली, कारण या सगळ्या गोंधळात पेशींना जेवायला घालायचं दोघंही विसरले होते.