मागे ओढलेली नऊ मिनिटं

दिवा राहू दे तनय, लावू नकोस. ही अंधारातच सांगायची गोष्ट आहे. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे कोणी हसलेलं मला चालणार नाही.

आपल्या या राजाजीनगरच्या घरात, वरच्या मजल्यावर शार्दूल भाड्याने राहायचा. नागपूरचा पोरगा. कामात हुशार, पण डोक्यात हवा. इलेक्ट्रॉनिक सिटीत एका बँकेचं मेनफ्रेम सांभाळायचा. मेनफ्रेम म्हणजे कपाटाएवढं मशीन आणि त्याच्या पोटात शेकडो सर्व्हर. दिसायला एकही नाही, सगळे त्या एकाच मशीनमध्ये मांडलेले. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. ती सगळी घड्याळं एका वेळेवर ठेवायची, हे शार्दूलचं काम.

त्याला हे काम शिकवणारे पुरुषोत्तम निवृत्त होताना एकच गोष्ट बजावून गेले होते. पुढे गेलेलं घड्याळ मागे ओढायचं नाही. त्याला हळू करायचं, म्हणजे खरी वेळच त्याला येऊन गाठते. "मागे ओढलंस तर झालेली मिनिटं पुन्हा होतात," ते म्हणाले होते. नोंदी दुबार होतात एवढंच म्हाताऱ्याला म्हणायचंय, असं शार्दूल धरून चालला. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण हा शहाणा नव्हता, अतिशहाणा होता.

गेल्या डिसेंबरातला तिसरा शनिवार. रात्रीचा एक वाजत आलेला. अमावास्याही होती, पण ते सोडा. एका सर्व्हरचं घड्याळ नऊ मिनिटं पुढे गेलं होतं आणि साहेब, जयसिंगराव, फोनवरून शिव्या घालत होते. उजाडायच्या आत वेळ जुळली नाही तर सोमवारी तोंड दाखवू नकोस म्हणाले.

सोबतीला रात्रपाळीची शिवलीला होती. निपाणीकडची, बोलण्यात कानडी मिसळायची, शार्दूलला अण्णा म्हणायची. मशीनच्या हॉलमध्ये जाऊन ती एक केबल तपासून आली. त्या हॉलला काचेचं दार. आत आग लागली तर विझवायला गॅस सुटतो आणि माणसाला श्वास पुरत नाही, म्हणून तिथे ती फार थांबायची नाही. कॉफीचे दोन कप घेऊन ती शार्दूलशेजारी येऊन बसली.

घड्याळ हळू करायचं तर कित्येक दिवस लागले असते. मागे ओढायचं तर एक बटण. शिवलीला म्हणाली, "नको अण्णा. स्वल्प, थोडं थांबा, पुरुषोत्तम सरांना फोन करू या." शार्दूल तिच्यावर खेकसला. तुला काय कळतं म्हणाला. आणि बटण दाबलं.

वळून पाहिलं.

खुर्ची रिकामी.

कॉफीचे कप नाहीत. टेबल कोरडं...

त्याने हाक मारली. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग मनगटाकडे. मग मोबाईलकडे. नऊ मिनिटं मागे. सगळीच. नऊ मिनिटांपूर्वी शिवलीला हॉलमध्ये होती.

तेवढ्यात भोंगा वाजला. हॉलमधला. गॅसचा.

आणि काचेवर थापा. धप... धप... धप.

शार्दूल धावला. बोळ संपेना. थापा हळू झाल्या. मग एकच... मग तीही नाही.

दाराबाहेर कोणी नव्हतं. कुलूप नव्हतं. त्याने दार ओढलं. सहज उघडलं. शिवलीला उंबऱ्याशीच पडली होती. ओठ निळे.

वाचली. पोरीचं नशीब.

तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात तिला भेटायला गेला. त्याला पाहताच ती अंग चोरून भिंतीला टेकली. मग म्हणाली, "दार का धरून ठेवलंत, अण्णा? मी आतून थापा मारत होते. तुम्ही बाहेरून माझ्याकडे बघत होता..."

शार्दूल शपथा घेत राहिला, मी तिथे नव्हतो, मी खुर्चीत होतो. तिने ऐकलं नाही. मीही तिच्या जागी ऐकलं नसतं.

त्या रात्री तो पुन्हा हॉलपाशी गेला. आग कुठेच लागली नव्हती, गॅस कशाने सुटला ते कोणाला सांगता येत नव्हतं. चौकशीसाठी सगळं तसंच ठेवलेलं. काचेवर आतून शिवलीलाच्या हातांचे डाग होते.

आणि बाहेरून... अगदी तिच्या हातांसमोर... दोन तळवे. बोटं फाकलेली. सगळा जोर लावून दाबलेले.

शार्दूलने त्यांच्यावर आपले हात ठेवले.

बोटाला बोट जुळलं.